बरा होऊन घरी

साथीत कोणत्या रुग्णालयाने किती चांगलं काम केलं, हे मोजणारं खातं म्हणजे आम्ही तिघं आणि एक कुरकुरणारा पंखा. किती बरे झाले, किती दिवसांत, किती दगावले, यावरून देशातल्या चारशे रुग्णालयांना क्रमांक द्यायचे. शेवटच्या दहांचे साथीचे वॉर्ड बंद, त्यांचा ऑक्सिजन पहिल्या दहांना, असा वरून हुकूम. यादी सोमवारी जायची होती.

शेवटून पहिलं आलं माझ्या ताईचं रुग्णालय. ती तिथे सिस्टर. मी फोन केला.

"बंद?" ताई भडकली. "अगं, ते समोरच्या मोठ्या रुग्णालयातले लोक, माणसाला श्वास लागला की आमच्या दारात आणून टाकतात. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"आकडे खोटं बोलत नाहीत, ताई." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मग बाबांचे आकडे बघ," म्हणाली आणि फोन ठेवला.

साथीत गेलेल्या बाबांना मध्ये कशाला आणायचं? मला रागच आला. तरी शोधलं. नोंदीत नाव नसतं, वय आणि तारीख असते. पुरुष, एकाहत्तर, तेरा तारीख. समोरचं रुग्णालय, यादीत पहिलं: मुक्काम एक दिवस, बरा होऊन घरी. ताईचं, त्याच दिवशी: मुक्काम तीन तास, मृत्यू.

बरा होऊन घरी! लबाड मेले, म्हणत मी मूळ फॉर्म काढला. लबाडी कुणाचीच नव्हती. 'दुसरीकडे पाठवला' हा रकाना आधी होता. फॉर्म लांबतो, सिस्टर लोक वैतागतात, म्हणून मीच तो उडवला होता. जिवंत बाहेर पडला तो बरा, असं मीच ठरवलं होतं. शाबासकीही मिळाली होती.

दोन दिवस बसून नोंदी जुळवल्या. एकीकडे 'बरा', त्याच दिवशी दुसरीकडे दाखल.

"बाई, आज सोमवार," साहेब म्हणाले. "दोन-चार इकडेतिकडे व्हायचेच."

"दोन हजार एकशे सहा, साहेब. त्यातले एक माझे वडील. चूक माझी, तसं लिहून आणलंय."

साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि यादी खणात टाकली.

मी ताईला फोन लावला. "वॉर्ड राहतोय. आणि ताई, बाबांना बरं झालेलं मीच दाखवलं होतं गं." रडूच फुटलं.

ताई म्हणाली, "रडू आपण दोघी, नंतर. आधी माझा ऑक्सिजन हलू देऊ नकोस."