आईंचा हिरवा चेहरा

चित्रावरचा पडदा खाली आला आणि सुनेच्या हातातला पाण्याचा ग्लास सुटला. खळ्ळकन आवाज झाला, पण वळून कोण बघतंय! हॉलमधली झाडून सगळी माणसं भिंतीवरच्या चित्राकडे आ वासून बघत होती. चित्रात तिच्या सासूबाई होत्या. अगदी हुबेहूब. तेच बारीक डोळे करून बघणं, तोच हनुवटीवरचा तीळ, तोच ‘बोला, काय म्हणणं आहे?’ असा चेहरा. फक्त तो चेहरा हिरवागार होता. आणि ओठ निळे.

सासरेबुवा चित्राशेजारी ताठ उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. सुनेकडे झुकून हळूच म्हणाले, “यावेळी कातडीचा रंग काय जमलाय बघ!”

अगं बाई, म्हणजे यांना दिसतच नाहीये.

आता या घराची तऱ्हा आधी सांगायला हवी. चित्रकार तीन आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. सासरेबुवांनी जन्मभर माणसांचे चेहरे रंगवले, आणि त्यांचा हेका एकच, जसं आहे तसं. एका बड्या गिऱ्हाइकाने आपली दुहेरी हनुवटी जराशी कमी करायला सांगितली, तर हे म्हणाले, “तुम्ही आधी कमी करून या, मग मी करतो.” गिऱ्हाईक जे गेलं ते गेलंच. दुसरे त्यांचे चुलतभाऊ. वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायचे आणि सगळे त्यांना नाकवाले काका म्हणायचे. त्यांचं म्हणणं, माणूस असतो नाकात, नाक मोठं केलं की बरोबर सापडतो. आणि तिसरी नणंद, सासरेबुवांची सख्खी लेक. ती तर चेहऱ्याच्या वाटेलाच जात नसे. रंगाचे पट्टे ओढायची आणि सांगायची, ही आपली आत्या. “आत्याला दाखवू नकोस, झीट येऊन पडेल,” सासरेबुवा म्हणायचे. मग बापलेकीची जी जुंपायची! सासूबाई मधेच विचारायच्या, “पोळी वाढू, की ती गोल आहे की नाही हे आधी ठरवताय?”

हा तमाशा गॅलरीच्या मालकाने एकदा जेवायला आला असताना पाहिला आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. चेहरा एक, चित्रकार तीन. आणि चेहरा कोणाचा, तर सासूबाईंचा. तिघांनी आपापलं चित्र लपवून काढायचं आणि एकाच संध्याकाळी पडदे उघडायचे. सासरेबुवा लगेच म्हणाले, “हे माझं शेवटचं. यानंतर ब्रश बंद.” शेवटचं म्हणजे सगळ्यांच्या नाकावर टिच्चून सगळ्यात चांगलं व्हायला हवं, हे न बोलता सगळ्यांना कळलं. त्यांच्या खोलीत कोणी पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला. आत फक्त ते आणि सासूबाई.

हुकूम मोडला तो सुनेनेच. आणि तोही चांगल्या मनाने, हेच तर दुखणं. ती औषधाच्या दुकानात कामाला. दिवसभर कप्पे लावून लावून हाताला तीच सवय लागलेली. पसारा दिसला की हात शिवशिवायचे. सासरेबुवा पेन्सिलीचं काम संपवून पाय मोकळे करायला बाहेर पडले होते, तेव्हा ती आत शिरली. चित्राकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, एवढी इमानदार! पण रंगाची पेटी उघडी होती, आणि आत ट्यूबा वेड्यावाकड्या, टोपणांवर रंगांची पुटं. तिने टोपणं पुसून लख्ख केली आणि दुकानात औषधं लावतो तशा नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे सगळ्या ट्यूबा ओळीने लावून टाकल्या. बाबांना कसं पटकन सापडेल, म्हणून स्वतःच्याच पाठीवर शाबासकीची थाप मारून घेतली.

त्या पेटीतला पसारा पसारा नव्हताच. कुठल्या कोपऱ्यात कुठला रंग, हे त्या म्हाताऱ्याच्या बोटांना पाठ होतं; ट्यूबवरची बारीक नावं वाचणं कधीच सुटलं होतं. डोळ्यांना फक्त उजेड-अंधार आणि आकार उरले होते. ते दोन त्यांनी अचूक पकडले होते. नाक नाकाच्या जागी, सावली सावलीच्या जागी. फक्त मातकट तांबड्याच्या कोपऱ्यात सुनेने हिरवा आणून ठेवला होता.

हे सगळं तिला त्या फुटलेल्या काचांमध्ये उभं असताना एका दमात कळलं. म्हाताऱ्याची जन्माची अब्रू आपण एका फडक्याने पुसली!

आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.

आधी मागून कुठून तरी एक, मग कडाकड सगळीकडून. नाकवाल्या काकांच्या चित्रात सासूबाई म्हणजे एक भलंथोरलं नाक आणि त्यामागे लपलेली बाई. ते काका आपलं चित्र सोडून हिरव्यापुढे येऊन उभे राहिले. “गड्या, तू तर आम्हा सगळ्यांचा बाप निघालास,” एवढंच बोलले. नणंदेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “बाबा, तुम्ही शेवटी माझ्या बाजूला आलात,” म्हणत तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले. सासरेबुवा गोंधळून हसले. आपण कुठेच गेलो नव्हतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

वर्तमानपत्रातून आलेल्या एका बाईने फोन पुढे धरला. “सर, आयुष्यभर जसं आहे तसं काढलंत. आज चेहरा हिरवा का?”

“हिरवा?” सासरेबुवा म्हणाले.

लोकांना वाटलं, काय सुरेख फिरकी घेतली! हॉल खदखदून हसला. सून पुढे घुसायला निघाली. काय सांगणार होती देव जाणे, पण काहीतरी बोलायला हवं, या माणसाचं हसं थांबवायला हवं. तिच्याआधी सासूबाई उठल्या. “मीच म्हटलं, हिरवा काढा. बदल म्हणून.”

इथे सुटका होती. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी झालं असतं. पण तो माणूस! आयुष्यात एका हनुवटीवर खोटेपणा केला नाही, तो इथे काय करणार? त्यांनी चित्राकडे तोंड केलं, अगदी जवळ जाऊन मान तिरकी करून पाहिलं, आणि मग लोकांकडे वळले.

“मला रंग दिसत नाहीत,” ते म्हणाले. “वर्ष झालं. मी गुलाबी काढत होतो.”

टाळ्या वाजवणारे हात तसेच हवेत राहिले. नणंद बापाला सोडून दोन पावलं मागे सरकली आणि तिने तोंडावर हात धरला. फोनवाल्या बाईने फोन खाली केला, तेवढी तरी अक्कल दाखवली म्हणायची.

सासूबाईंनी त्यांना हाताला धरून बाजूच्या खोलीत नेलं. सून धावत मागे गेली आणि दार लावायच्या आधीच तिला रडू फुटलं. “बाबा, तुमची पेटी मी आवरली. ट्यूबा मी हलवल्या. माझ्यामुळे झालं हो सगळं!”

सासरेबुवांनी झटकन मान वर केली. “तू हलवल्यास? म्हणजे माझा हात नाही चुकला?”

“नाही हो बाबा.”

“मला वाटलं, बोटंही गेली.” त्यांनी खुर्चीत अंग टाकलं आणि स्वतःचे हात मांडीवर उलटेसुलटे करून पाहिले. सुनेला वाटलं होतं आता आग बरसेल. या माणसाचा तर जीव भांड्यात पडला होता. ती आणखीच हुंदके द्यायला लागली.

मग ते हळूहळू बायकोकडे वळले.

“पण तू समोर बसली होतीस. ब्रशवर काय आहे ते तुला दिसत होतं.”

“दिसत होतं.”

“पहिल्या दिवशीच?”

“पहिल्या फटकाऱ्याला.”

“मग तोंड का नाही उघडलंस? सगळ्या गावासमोर माझं हसं होऊ दिलंस?”

सासूबाईंनी पदराने चष्मा पुसायला घेतला. एकच काच पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. सुनेने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

“अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही जगाच्या तोंडाकडे बघत बसलात,” त्या म्हणाल्या. “महिनाभर माझ्याकडे बघत होतात. बोलले असते तर तुम्ही उठून गेला असता.”

“मला दिसत नव्हतं गं,” सासरेबुवा म्हणाले.

“मला माहीत होतं,” सासूबाई म्हणाल्या.