गोटीरामांचा बहावा

साहेब, ही टेकडी तुम्ही हिरवी केलेली नाही. तरी कमानीवर नाव मात्र तुमचं.

गंगापूर रोडच्या मागची ही टेकडी उघडीबोडकी होती. मुरूम चोरणारे सोडले तर तिकडे कुणी फिरकत नसे. मग आसपासच्या मळेवाल्यांनी रीत पाडली. घरातलं माणूस गेलं की राख नदीत सोडायची नाही. टेकडीवर खड्ड्यात घालायची, वर रोप लावायचं. वर जाताना घरून पाणी न्यायचं, थोडं आपल्याला, बाकीचं झाडाला. एवढ्यावर जंगल उभं राहिलं. आता तिथे मोर ओरडतात.

मग टेकडीला कुंपण घालून तुम्ही बाग केलीत. तुमच्या सोयी चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू? सावलीत बाकं, म्हाताऱ्यांसाठी कठड्याची पायवाट, स्वच्छ संडास, पाखरं बघायला मचाण, फाटकाशी थंड पाण्याचा नळ. पण मार्चमध्ये पाटी लागली: बाटल्या, डबे, भांडी आत नेण्यास मनाई. कचरा होतो म्हणे.

मखमलाबादच्या भागुबाई फुलं पिकवून विकतात. मागच्या पावसाळ्यात त्यांचे मालक गोटीराम गेले. त्यांच्या राखेवर बहावा लावलाय. त्याचा हा पहिलाच उन्हाळा. निभावला तर जगला.

भागुबाई कळशी घेऊन आल्या आणि फाटकावरच्या राजूने अडवलं. माझी नोकरी जाईल मावशी, म्हणाला. मी तिथंच होतो, त्याच्यावर तुटून पडलो, तर बाईंनी मलाच गप्प केलं. पाटी त्यानं लावली नाय, म्हणाल्या.

मग त्यांनी फुलं ताजी राहावीत म्हणून टोपलीवर टाकतात ते जाड फडकं काढलं. नळाखाली चिंब भिजवलं, डोक्यावर घेतलं.

"आता अडव. फडकं काय भांड्यात मोडतं का रे?"

राजू हसून बाजूला झाला.

मी मागोमाग गेलो. पाठीवरून पाणी ओघळत होतं, पण बाई थांबल्या नाहीत. बहाव्याच्या बुडाशी बसून त्यांनी फडकं पिळलं.

"घ्या कारभारी. जिते व्हते तवा चहाबिगर उठत नव्हते. आता पाण्यावर भागवा."

दुसऱ्या दिवशी नळावर रांग लागली. कुणाचा टॉवेल, कुणाची ओढणी, बँकेतून निवृत्त झालेल्या एकाची तर चक्क चादर. असली माणसं या गावात आहेत म्हणून ही टेकडी आहे, साहेब.

पण निम्मं पाणी वाटेतच गळतं. बहाव्याची खालची पानं वाळलीत, शेंडा तेवढा हिरवा आहे, आणि मे अख्खा बाकी आहे. पाटी काढता, की रोज वर येऊन तुम्ही स्वतः पाणी घालता? दोन्हींतलं काय, ते फाटकावर येऊन भागुबाईंना तोंडावर सांगा.