चौघे परमनंट

"सर, बस शीळफाट्याला अडकलीये. हलतच नाहीये."

"अगं, मग रिक्षा कर ना, दर्शना! इथे बँकेच्या बेचाळीस शाखा कधीच्या उघडल्यात," मी फोनवर ओरडलो.

"शीळफाट्याला बस हलत नाही, तिथे रिक्षा काय उडणारे?"

पावणेबाराला ती ओढणीने घाम पुसत सर्व्हर रूममध्ये आली. मी उशीर बोलून दाखवलाच.

आमच्या सहकारी बँकेच्या ठाण्याच्या मुख्य कचेरीत एक मोठा सर्व्हर आहे. त्यात पहिल्या दिवसापासून आठ प्रोसेसर बसवलेले, पण चालू चारच. उरलेले चार कुलूपबंद. महिनाअखेरीला व्याज लावायचं काम आलं की सर्व्हरच्या कंपनीकडून कुलूप उघडायचा कोड मागवायचा, त्या चौघांना पाच दिवस उठवायचं आणि गरज सरली की पुन्हा झोपवायचं. हे काम दर्शनाचं. तीही तशीच, लागेल तेव्हा बोलवायची. एरवी कल्याणला मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. अशी अकरा वर्षं गेली. सिस्टिम मॅनेजरची खुर्ची माझी होती, पण त्या कुलपाला हात लावायची माझी हिंमत नव्हती.

तिने माझ्या हातातलं, नव्या कोडचं कंपनीचं पत्र वाकून वाचलं.

"परमनंट झाले?"

"कोण?" मी उगाच विचारलं.

"हे चौघे. लिहिलंय ना इथे."

मग सांगावंच लागलं. 'आपल्याच घरात बसलेत, तर झोपवून कशाला ठेवायचे?' असं अध्यक्ष म्हणाले आणि दहा मिनिटांत ठराव मंजूर झाला. आता कुलूप कायमचं निघणार, म्हणजे यापुढे दर्शनाला बोलवायचं कारणच उरणार नव्हतं. एवढं मात्र मी बोललो नाही. तिला कळायचं ते कळलं. तिला स्वतःला कायम करण्याची फाइल नऊ वर्षं कपाटात पडून होती.

ती कीबोर्डवर बसली, मी कोड वाचू लागलो. चौतीस अक्षरं आणि आकडे. चुकला. पुन्हा वाचला, पुन्हा चुकला. पाचव्यांदा चुकला की अख्खं मशीन बंद करून चालू करावं लागतं आणि तोवर सगळ्या शाखा ठप्प. चौथ्यांदाही चुकला.

"कागद द्या, सर. तुम्ही आठ आठ म्हणताय, तो इंग्रजी बी आहे."

"मग आधीच नाही का बघायचंस?"

"वाचायचं काम तुमचं होतं ना."

तिने पाचव्यांदा कोड टाकला. बटण दाबायचं तेवढं राहिलं, आणि ती थांबली.

"माझ्या फाइलवर तुम्ही लिहिलेलं, 'गरजेनुसार बोलावता येते, कायम करण्याची आवश्यकता वाटत नाही.'"

"तुला कोणी सांगितलं?"

"जुन्या फायली स्कॅन करायला मलाच बोलावलेलं ना तुम्ही? सहा वर्षं झाली."

सहा वर्षं हे माहीत असून ती मला सर म्हणत होती. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. तिने एक अक्षर चुकवलं असतं तर दुपारपर्यंत माझा खुलासा मागितला गेला असता. हे तिलाही ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बोट ठेवून सगळा कोड पुन्हा एकदा तपासला आणि बटण दाबलं. पडद्यावर आठ आकडा आला.

"झालं, सर."

तिच्या जागी मी असतो तर चुकवला असता.

मी खाली दारापर्यंत तिच्यासोबत गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच. वॉचमन पोपटने अभ्यागतांची वही पुढे केली. मस्टर कायम नोकरांसाठी, कंत्राटी माणसांची सही या वहीत. तिने जाण्याची वेळ लिहिली, पेन पोपटला परत दिलं आणि खोपटच्या स्टँडकडे चालू लागली.

मी वहीची पानं मागे उलटत गेलो. दर महिनाअखेरीला तिचं नाव होतं. आधीच्या वह्यांतही असणार. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात प्रत्येक वेळी तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, सुधीर सर.

अकरा वर्षं ती कागदोपत्री माझ्याकडे पाहुणी येत होती. मी तिला एकदाही चहा विचारला नव्हता.