धुतलेले हातमोजे

क्रोएशियातल्या गोर्स्की कोटारच्या डोंगरात नोव्हेंबरचा पाऊस तिसऱ्या दिवशीही थांबला नव्हता. मातिया फरच्या झाडाखाली बंदूक घेऊन उभा होता आणि त्याला आपली बोटं जाणवत नव्हती.

हातमोजे त्याच्या बायकोने, येल्काने, विणलेले. वीस वर्षं हेच घालून त्याने रानडुकरांची शिकार केली आणि असल्या पावसात कधी हात गारठले नाहीत. आज मात्र अर्ध्या तासातच ते ओल्या फडक्यासारखे जड झाले. त्याने ते पिळून पुन्हा घातले. पाणी पुन्हा आत शिरलं.

सकाळी लुयोने सगळ्यांना जागा वाटून दिल्या होत्या. लुयो येल्काचा धाकटा भाऊ, आणि शिकारीचा म्होरक्याही तोच.

"दाजी, झऱ्यावरची जागा तुमची. पण या गारठ्यात हात चालत नसतील तर आत्ताच सांगा. उगाच मर्दुमकी नको."

"तू तुझं सुटलेलं पोट सांभाळ," मातिया म्हणाला होता.

येल्का मार्चमध्ये गेली. आता आठवड्यातून हा एकच दिवस तो माणसांत येई. ही जागा गेली की उरलं फक्त घर.

खालून कुत्री भुंकली. फांद्या मोडल्या आणि धुक्यातून एक डुकरीण सरळ त्याच्या रोखाने आली. चाळीस पावलं. त्याने बंदूक खांद्याला लावली. बोट चापावर आहे की नाही तेच कळेना. बघावं लागलं. होतं. डुकरिणीच्या मागे, झाडांमधून, ओरडत रान उठवणाऱ्या हाकेकऱ्याची नारिंगी टोपी हलत होती.

त्याने दुसऱ्या हाताने ते बोट चापावरून काढलं. डुकरीण त्याच्या शेजारून निघून गेली.

हाका संपल्याचं शिंग वाजलं. लुयो धापा टाकत वर आला.

"दाजी, डोळा लागला होता काय? पायावरून गेली की तुमच्या!"

"काडतुसं काढ. माझ्याच्याने निघत नाहीत."

लुयोने बंदूक उघडून काडतुसं खिशात टाकली. मग एक हातमोजा घेऊन नाकाला लावला.

"हे धुतले कुणी?"

"मीच. घरातलं सगळं धुतलं, उकळत्या पाण्यात, साबण लावून. सगळ्याला तिच्या औषधांचा वास मारत होता."

"अहो, ताई लोकर न धुताच विणायची. मेंढीच्या अंगचं तेल राहतं तिच्यात, म्हणून पाणी आत येत नाही."

"मला वाटायचं आळस करते. वास येतो म्हणून बोलायचो तिला."

लुयोने हातमोजा पिळून परत दिला. मग म्हणाला, "आमच्या हिला सांगतो. ती विणेल."

"नको."

"मग बंदूक माझ्याकडे. तुम्ही हाकेकऱ्यांबरोबर चला. ओरडायला बोटं लागत नाहीत."

मातिया हात काखेत दाबून खाली उतरला.

दुसऱ्या हाक्याला तो रांगेत चालू लागला. डावीकडे पेरो सुतार होता. आधी मातियाचा आवाजच फुटेना. आठ महिने तो जेमतेम बोलला होता. मग ओरडला. आणखी मोठ्याने ओरडला, दरीपलीकडून आवाज परत येईपर्यंत.

"काका, जरा दमानं!" पेरो हसत म्हणाला. "डुकरं बहिरी नाहीत!"

मातियाने ऐकलं, आणि तसाच ओरडत पुढे गेला. पेरोने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा थट्टा केली नाही.