काळ्या पडद्यामागचे ठोके

चाळिशी उलटली तरी ती बाबांची चिमणीच होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन बाबा कालच घरी आले होते. एकट्याने उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुपारी त्यांचा डोळा लागलेला पाहून चिमणी न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत कामाला बसली.

ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी सिनेमाखाली संवाद आणि आवाज लिहायचे, हे तिचं काम. आज वाट्याला आला होता हॉलिवूडचा जुना, काळा-पांढरा थरारपट. स्टुडिओने मोठ्या सिनेमाच्या जोडीला दाखवायला चार दमड्यांत उरकलेला, पुढे ज्याला काळं कुत्रंही विचारत नाही असला. "टाकू उरकून," म्हणत तिने कान झाकणारे हेडफोन चढवले.

आणि ती चाटच पडली. दिग्दर्शकाकडे पैसा नव्हता, पण डोकं होतं. सेट म्हणून एकच खोली. खुनी दाखवायला नट परवडला नसावा, म्हणून नुसती सावली. शेवटी तर सिनेमातल्या विधवा नायिकेने दिवा मालवला आणि पडदा मिट्ट काळा! त्या काळोखात ठोका पडला. थांबून दुसरा. मग काहीतरी घासत गेल्यासारखं. चिमणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीने जीव अर्धा झाला, पण कौतुकही मावेना. काय बेरकी माणूस असेल हा, म्हणत ती मोठ्याने हसली. तिने लिहिलं: [भिंतीवर ठोके]. मग: [ठोके मंदावतात].

ओळ नेमकी कुठे सुरू करायची ते पाहायला तिने प्रसंग मागे नेला. काळोख आला. ठोका आला नाही.

तिने आवाज वाढवला, पुन्हा मागे नेलं. सिनेमात नुसती शांतता होती. हेडफोन काढायला हात उचलेना, कारण काढले की कळणार होतं.

तिने काढले. घरातही चिडीचूप.

"बाबा?"

पलंग रिकामा होता. न्हाणीघराचं दार ढकललं तर अर्धंच उघडलं. पलीकडे बाबा आडवे पडले होते, मूठ अजून भिंतीला टेकलेली. देवा, हे काय करून बसले मी! ती फटीतून कशीबशी आत शिरली, त्यांच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता.

बाबांनी डोळे किलकिले केले.

"कधीचा ठोकतोय गं चिमणे," ते पुटपुटले. "मधे तू हसलीस ना, तेव्हा जरा धीर आला. म्हटलं, पोर घरातच आहे, येईलच."