राहू दे, पोरी

“कारण सांगायलाच हवं का?” मेव्हिसने फोनवर विचारलं.

“नाही हो, मावशी. फोनवरून उधारीवर घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते. कारण लागत नाही. फक्त आज शेवटचा दिवस आहे तुमचा,” कंपनीतली केरी म्हणाली.

समोर शेजारची डोरीन चहा ओतत होती. खिडकीशी ती खुर्ची होती. बटण दाबलं की पाठ हळूच उचलून माणसाला उभं करणारी. तीन वर्षांचे हप्ते, दोघांच्या नावावर. नवरा, क्लिफ, गेल्या आठवड्यात वारला. एका पेन्शनमध्ये थंडीचा कोळसा भरायचा की खुर्चीचा हप्ता, एवढाच प्रश्न होता.

“मुळात माझ्या नवऱ्याने ती मागितलीच नव्हती,” मेव्हिस म्हणाली. “आली त्या दिवशी तोच चकित झाला.”

“पण ते हो म्हणालेत, मावशी. आमच्याकडे टेप आहे. ऐकवू?”

मेव्हिसने डोरीनलाही ऐकू येईल असा फोन कानापासून जरा दूर धरला. खरखर झाली. मग टेपवर एक तरतरीत मुलगी म्हणाली, “तर खुर्ची पाठवते, आणि हप्ते लावून टाकते. चालेल ना, आजोबा?”

“राहू दे, पोरी. राहू दे.”

“छान! मग राहू दे.”

टेप संपली. मेव्हिसने डोरीनकडे पाहिलं. इकडे उत्तरेत, फ्लीटवुड बंदराच्या धक्क्यावरची माणसं अशीच बोलत. वाढलेलं परतवताना राहू दे, उसने पैसे नाकारताना राहू दे. तोंडावर नकार देणं क्लिफला आयुष्यात जमलं नाही. साठ साली जत्रेतल्या नाचाला त्याने तिला विचारलं, तेव्हा तीसुद्धा लाजून राहू दे म्हणाली होती. तो खरा नकार नाही, हे त्याला कळलं होतं. तो पुढच्या शनिवारी पुन्हा आला.

“नाही म्हणत होता बिचारा,” डोरीन कुजबुजली. “दक्षिणेकडची पोर असणार ती. तिला काय कळतंय.”

पण खुर्ची आल्यावर क्लिफ तिच्यात बसला होता. पाच दिवस, खाडीकडे तोंड करून. “परत पाठवू या का?” असं मेव्हिसने विचारलं तेव्हाही तो तेच दोन शब्द बोलला होता. तेव्हा मात्र त्याला नेमकं काय म्हणायचं होतं, ते तिने विचारून घेतलं नाही. खुर्चीच्या गादीवर अजून त्याचा खळगा होता.

“पुन्हा ऐकव ना एकदा,” ती म्हणाली.

केरीने ऐकवलं. डोरीनने रिकाम्या शेगडीकडे बघत चहा ढवळला.

“मावशी? मग काय करू?”

“राहू दे, पोरी,” मेव्हिस म्हणाली.

“म्हणजे खुर्ची तुमच्याकडेच राहू दे?”

डोरीनचा चमचा थांबला. मेव्हिसने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नको,” ती म्हणाली. शब्द अनोळखी वाटला, म्हणून तिने तो पुन्हा म्हटला. “नको. घेऊन जा.”

गुरुवारी दोन माणसं आली. एकाने खुर्ची सरळ करायला बटण दाबलं. रिकामी खुर्ची घरघरत उठली, पुढे कलली, आणि कुणाला तरी उभं करून दिल्यासारखी थांबली.

मेव्हिसने दार धरून ठेवलं.