हात की गोळी

पहिलं भोक. जवळजवळ मधोमध.

"मस्त, काका!"

हेमचंद्र काकांनी मान वर केली नाही. २००४चा नोव्हेंबर, शनिवारची सकाळ, अमेरिकेत चँडलरबाहेरच्या वाळवंटातली नेमबाजीची रेंज. दुर्बिणीशी आश्लेषा बसलेली. ती काकांच्या नागपूरच्या मित्राची मुलगी, इथे पीएचडी करते. स्टुडंट व्हिसा, म्हणून रायफलीला आणि काडतुसांना हात लावायचा नाही. बघायचं आणि सांगायचं.

दुसरं भोक. पहिल्याच्या शेजारी.

इथे थांबून मागचं सांगायला हवं. मार्चमध्ये काकांना हलका स्ट्रोक आला. उजव्या हातात थरथर राहिली. डॉक्टर म्हणाले, खांद्याला धक्का नको. म्हणजे दुकानातली जोरकस काडतुसं बंद. मग काकांनी गॅरेजचं दार सताड उघडून शिसं वितळवलं, साच्यात गोळ्या ओतल्या आणि थोडीच पावडर घालून हलकी काडतुसं घरी भरली. धक्का नावापुरता. पण तेव्हापासून टार्गेटवर गोळ्या नुसत्या विखुरतात. पावडर बदलली, शिशात कथील वाढवलं. तेच. हात गेला, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि रायफल विकायला काढली. घेणारा माणूस उद्या दुपारी येणार.

तिसरं भोक. वीतभर डावीकडे.

"बघ. थरथरला."

चौथं भोक. कागदावर नाही. म्हणून या गोष्टीतही नाही.

पाचवं. पार कोपऱ्यात.

"झालं. चल, शुभा पोहे करून थांबली असेल."

"थांबा ना काका. मागच्या वेळीपण पहिल्या दोन नीट होत्या. गडबड नंतर सुरू झाली."

"थकतो गं."

"दोन गोळ्यांत? दिवाळीला परातभर चकल्या तुम्ही पाडल्यात!"

"वाकड्या होत्या."

"हो, पण पहिलीपासून वाकड्या होत्या! हात असेल तर पहिल्या गोळीलाच थरथरेल ना? दोन झाल्यावर कसं आठवतं त्याला?"

काकांनी रायफल रिकामी केली, सळईला फडका लावून नळीतून ओढला. एरवी हे काम ते घरी करत आणि फडका न बघताच कचऱ्यात टाकत. घाण काय बघायची? आज आश्लेषा म्हणाली, "दाखवा."

फडक्यावर चांदीसारखे चकचकीत पापुद्रे.

"शिसं," काका हळूच म्हणाले. "गोळीचं शिसं नळीला चिकटतंय. दोन गोळ्या जातात, पुढच्या त्या थरावरून भरकटतात."

"पण तसं होऊ नये म्हणून तर गोळीला मेणाचा लेप देता ना?"

"देतो की. वाळला की पुसून..."

"पुसून?"

"चिकट राहतो तो. धूळ बसते. एकेक गोळी थिनरने लख्ख पुसतो आणि मग भरतो."

तीस वर्षं चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या क्लीन रूममध्ये काढलेला माणूस. तिथे धुळीचा एक कण म्हणजे माल फुकट.

आश्लेषा हसत वाळूतच बसली.

(टार्गेटच्या बाहेर: स्वयंपाकघर)

"तरीच!" शुभाकाकू म्हणाल्या. "आमच्या लग्नात यांनी जिलेबीचा पाक रुमालाने टिपून खाल्ला होता. गोळीचा लेप सोडतात होय!"

उरलेल्या गोळ्यांना संध्याकाळी पुन्हा लेप दिला आणि वर्तमानपत्रावर वाळत घातल्या. काकूंनी थिनरचा डबा उचलून नेला. कुठे ठेवला, सांगितलं नाही.

रविवार. नळी साफ. कागद नवा.

पहिलं.

दुसरं.

तिसरं. आश्लेषाने श्वास धरला. तिसरं पहिल्या दोन्हींच्या मध्ये.

चौथं. तिथेच. चारही एका बशीखाली झाकतील.

पाचवं...

"चार बोटं उजवीकडे," ती जरा नाराज होऊन म्हणाली.

काकांनी स्वतः दुर्बिणीतून पाहिलं. बराच वेळ.

"ही माझी. हाताची."

"वाईट वाटलं?"

"छे. पाचात एक हाताला देऊन टाकू. बिचारा इतके महिने सगळ्यांचा दोष घेत होता."

त्यांनी तिथूनच रायफल घेणाऱ्याला फोन लावला. "सॉरी. विकायची नाही. नो, नॉट फॉर मोअर मनी आयदर."

फोन ठेवला तर त्यावर लेपाची पिवळट, चिकट बोटं उमटलेली. काकांनी खिशातून रुमाल काढला.

"काका!"

"फोन आहे गं. फोन तरी पुसू दे!"